पप्पांचा होकार

"आणि गायी बऱ्या नाही झाल्या तर?"

शाल्मलीने हातातला घास ताटात परत ठेवला. हाच प्रश्न पप्पांनी काल विचारला होता, परवा विचारला होता आणि आज सकाळी ती दात घासत असताना बाथरूमच्या दाराबाहेर उभं राहूनही विचारला होता.

"नाही झाल्या तर दुसरा फेज शोधू, पप्पा."

"आणि तो नाही सापडला तर?"

"सापडतो. गोठ्यातल्या सांडपाण्यात कोट्यवधी असतात."

"पण नाहीच सापडला तर?"

"तर मिरज स्टेशनवर हमाली करीन! झालं समाधान?"

"स्टेशनवर आता हमाल नाहीत," श्रीकांत कोष्टी अगदी मनापासून काळजीत पडून म्हणाले. "सामानाच्या गाड्या आपोआप चालतात."

आई, मनीषाताई, तोंडाला पदर लावून हसली. शाल्मलीला मात्र हसू येईना. बायोटेक्नॉलॉजीची पदवी घेऊन घरी आल्यापासून रोजचं जेवण असंच चाललं होतं.

भांडणाचं मूळ गायींच्या कासेत होतं. मिरजेच्या पूर्वेकडच्या गावांत दुभत्या गायींना दगडी होते. कास सुजते, दगडासारखी घट्ट होते, दूध नासतं. पूर्वी अँटिबायोटिकने ती उतरायची. आता जंतू त्या औषधांना जुमानेनासे झाले होते. शाल्मली आणि तिचा वर्गमित्र अफरोज मुल्ला यांनी शेवटच्या वर्षाला यावर फेज वापरून पाहिले. फेज म्हणजे जंतूंनाच खाणारे विषाणू. नेमक्या त्या जंतूला पकडायचं, पोखरायचं आणि फोडायचं, एवढंच त्यांना येतं. गायीच्या पेशींकडे ते ढुंकूनही बघत नाहीत. प्रकल्पातल्या बऱ्याच गायी सुधारल्या. अफरोजच्या मामाने मालगाव रस्त्यावरची शेड वापरायला दिली, दूध संघाचे अध्यक्ष मोठी चाचणी करू द्यायला तयार झाले. आता दोघांना कंपनी काढायची होती.

आणि दुसरीकडे हैदराबादच्या एका लसकंपनीची नोकरी शाल्मलीच्या हातात होती. महिनाअखेरपर्यंत हो किंवा नाही कळवायचं होतं.

श्रीकांतराव पाणीपुरवठा खात्यात कनिष्ठ अभियंता होते. गावाला जायचं तर ते गाडीच्या दोन तास आधी फलाटावर हजर. जानेवारीत छत्री. लग्नाला गेले की जेवणाआधी मांडवातून बाहेर पडायची वाट शोधून ठेवायचे. मुलीच्या आयुष्यातली बाहेर पडायची वाट त्यांना हैदराबादेत दिसत होती आणि मुलगी मात्र मांडवाच्या मधोमध फतकल मारून बसली होती.

"तुमची परवानगी नको आहे मला," ती एकदा चिडून म्हणाली होती. पण ते खोटं होतं. परवानगीच हवी होती. पप्पांच्या चेहऱ्यावरची ती धास्ती पाठीमागे ठेवून तिला घराबाहेर पाऊल टाकवत नव्हतं.

तेव्हा तिला पट्टीची आठवण झाली.

पट्टीचं नाव 'निर्धास्त'. कपाळाभोवती बसणारा रबरी पट्टा आणि दोन्ही कानशिलांवर बटणाएवढ्या चकत्या. दोन वर्षांपूर्वी ती बाजारात आली आणि कॉलेजांनी मुलाखतींना जाणाऱ्या मुलांसाठी खोक्यांनी विकत घेतली. शाल्मलीला एक मिळाली होती. एका सादरीकरणापुरती तिने ती लावली, मग ती कपाटात पडून राहिली.

पट्टीमागचं शास्त्र तसं सोपं. मेंदू हा सतत अंदाज बांधणारा अवयव आहे. पुढच्या क्षणी काय होईल याचं चित्र तो आधीच रेखून ठेवतो आणि प्रत्यक्षात तसंच घडलं की निवांत राहतो. जिथे चित्रच रेखता येत नाही, तिथे मात्र मेंदूच्या आत खोलवरचे एकदोन भाग धोक्याची घंटा वाजवू लागतात. गंमत म्हणजे ही घंटा संकटाला तितकीशी घाबरत नाही, जितकी ती 'कदाचित'ला घाबरते. एका जुन्या प्रयोगात काही माणसांना सांगितलं होतं की हाताला विजेचा झटका नक्की बसणार. आणि काहींना सांगितलं होतं की बसेल किंवा बसणारही नाही. नक्की झटका बसणारे बरेच शांत होते. घाम फुटला तो दुसऱ्यांना. निकाल लागायच्या आदल्या दिवशी आपली जी दशा होते, ती नापास झाल्यावरही होत नाही, ती यामुळेच.

पट्टीच्या चकत्या सोनोग्राफीत वापरतात तसल्याच ध्वनिलहरी सोडतात, फक्त त्या कवटीतून आत जाऊन नेमक्या त्या भागावर एकवटतात आणि घंटेचा आवाज खाली आणतात. माणसाची बुद्धी शाबूत राहते. धोका त्याला दिसतो, समजतो, विचारलं तर तो नीट समजावूनही सांगेल. फक्त त्याच्या पोटात गोळा येत नाही. परिणाम एक दिवस टिकतो. आठवड्यातून एकदाच लावा, असं खोक्यावर ठळक छापलेलं होतं. कारण रोज लावली तर घंटा बसते ती बसतेच, पुन्हा वाजायला कितीतरी दिवस लागतात.

"शॉक बसला तर?" पप्पांनी विचारलं.

"पोटातल्या बाळाची सोनोग्राफी करतात, पप्पा. बाळांना काही होत नाही."

"मी बाळ नाही."

"लावा हो एकदा," मनीषाताई म्हणाली. ती मिरजेतल्याच एका दवाखान्यात परिचारिका होती. पट्टी लावून ऑपरेशनला शांतपणे सामोरे जाणारे पेशंट तिने पाहिले होते. "तुमच्या बीपीला तरी आराम पडेल."

रविवारी सकाळी श्रीकांतरावांनी पट्टी लावली. आधी सूचनापत्रक दोनदा वाचलं, शेजारच्या डॉक्टरांचा नंबर फोनवर काढून ठेवला, मग लावली. अर्ध्या तासाने शाल्मली गॅलरीत गेली, तेव्हा ते कठड्यावर हात टेकून समोरच्या शिरीषाच्या झाडाकडे बघत होते. तिने आयुष्यात कधीही पप्पांना असं नुसतं बघत उभं राहिलेलं पाहिलं नव्हतं.

"पप्पा, करू का मी कंपनी?"

"कर की."

"गायी बऱ्या नाही झाल्या तर?"

"नाही तर नाही. त्यात काय एवढं?"

शाल्मलीने तिथल्या तिथे उडी मारली आणि अफरोजला फोन लावला. "पप्पा हो म्हणाले!"

"पट्टी लावून?" अफरोजने विचारलं.

"मग? हो म्हणाले ना!"

"म्हणाले खरं. पण दारू पाजून सही घेतल्यासारखं वाटतंय गं मला."

"तुझं आपलं काहीतरीच," शाल्मली म्हणाली आणि फोन ठेवला.

हैदराबादला नकार मात्र तिने त्या दिवशी कळवला नाही. उद्या कळवू म्हणाली. दुसऱ्या दिवशीही उद्याच म्हणाली.

पट्टी पप्पांनी परत दिलीच नाही. पहिल्या आठवड्यात कुणाला ते खटकलंही नाही, इतकं घर हलकं झालं होतं. श्रीकांतराव गाड्यावरची पाणीपुरी खाऊन आले. बायकोला घेऊन, जागा राखून न ठेवता, कोल्हापूरला नाटकाला गेले आणि तिकीट मिळालं नाही म्हणून रंकाळ्यावर बसून कणीस खाऊन परतले. मनीषाताई इतकी हसत होती, की शाल्मलीला आईचे कधी न दिसलेले दात दिसले. "लग्न झाल्यापासून पहिल्यांदा हे माझ्याशी बोलतायत," ती म्हणाली. "आजवर गॅस सिलिंडरशी बोलत होते."

मग एके दिवशी ते ऑफिसातून दुपारीच घरी आले. हातात पेढ्यांचा पुडा होता.

"मी राजीनामा दिला," त्यांनी सांगितलं.

मनीषाताईने पेढा तोंडात टाकला होता. तो तिला गिळता येईना.

"काय दिलंत?"

"राजीनामा. शालू कंपनी काढतेय, तिला माणसं लागतील. किती वर्षं त्या पाइपांची मापं काढत बसू?"

"अहो, पण निवृत्तीला इतकी वर्षं बाकी आहेत! घराचे हप्ते चालू आहेत! कुणाला विचारलंत तुम्ही?"

"विचारायचं काय त्यात? होईल काहीतरी."

"पप्पा, वेड लागलंय का तुम्हाला?" शाल्मली ओरडली. "उद्या आमचं नाही चाललं तर? संघाने चाचणी रद्द केली तर? तुमची नोकरी आहे म्हणून तर मी..."

आणि ती तिथेच थांबली. वाक्य पुरं करायची गरज नव्हती. तिला स्वतःलाच ते ऐकू आलं होतं. पप्पा नोकरीत होते, घाबरत होते, विम्याचे हप्ते भरत होते, म्हणून ती न घाबरता शेडची स्वप्नं बघत होती. तिचं सगळं धाडस त्यांच्या धास्तीवर उभं होतं. आता ती धास्ती काढून घेतल्यावर पायाखाली काहीच उरलं नव्हतं, आणि ती काढून घेतली होती तिनेच.

"तूच म्हणालीस ना, घाबरू नका म्हणून?" पप्पा हसत म्हणाले आणि त्यांनी पुडा पुढे केला.

दुसऱ्या दिवसापासून श्रीकांतराव मालगाव रस्त्यावरच्या शेडमध्ये येऊ लागले. कपाळावर पट्टी, अंगात नवा टी-शर्ट. शाल्मलीने पट्टी मागितली की म्हणत, "देतो गं, संध्याकाळी." एकदा तिने ती लपवून ठेवली, तर दुपारपर्यंत त्यांनी नवी विकत आणली. शिवाय ती काढली तरी फरक पडणार नव्हता. रोज लावून लावून घंटा केव्हाच गप्प झाली होती.

त्यांचा उत्साह बघून अफरोजचाही जीव मेटाकुटीला आला. दूध संघाच्या अध्यक्षांना श्रीकांतराव परस्पर सांगून आले, की पुढच्या आठवड्यापासून संघाच्या सगळ्या गायींना औषध देऊ. दहा गायींपुरताही माल नव्हता!

"काका, आपल्याला आधी थोड्या गायींवर बघायचंय," अफरोजने समजावलं.

"थोड्यांवर चाललं तर सगळ्यांवर चालेल."

"आणि नाही चाललं तर?"

"तुम्ही पोरं फार विचार करता," श्रीकांतराव म्हणाले.

शाल्मलीने कपाळावर हात मारून घेतला. हल्ली तिला भूक लागत नव्हती. शेडला कुलूप लावून निघाली की अर्ध्या वाटेवरून परतून ते ओढून बघायची. फ्रीजचं तापमान फोनवर सारखं तपासायची. "अगदी पप्पांसारखं करायला लागलीस," आई एकदा म्हणाली, तेव्हा ती इतकी भडकली की आईने पुन्हा विषय काढला नाही. हैदराबादला द्यायचं उत्तर अजून तसंच पडून होतं.

महिना अर्धा सरला असताना एका सकाळी अफरोजचा फोन आला.

"फ्रीजमधला नवीन बॅचचा डबा तू नेलास?"

"नाही."

"मग काकांनी नेला."

शाल्मलीने लगेच पप्पांना फोन लावला. फेज वाढवायचे तर त्यांना जंतू खाऊ घालावे लागतात. जंतू फुटतात, फेज बाहेर पडतात. पण त्याबरोबर फुटलेल्या जंतूंच्या सालपटांचा गाळही त्याच पाण्यात राहतो. तो गाळ विषारी असतो. तो धुऊन काढायचा, मग खरंच गेला की नाही याची चाचणी करायची, आणि मगच औषध गायीच्या सडातून कासेत सोडायचं. त्या बॅचची चाचणी व्हायची होती.

पप्पांनी फोन उचलला. मागे कुठेतरी गाय हंबरत होती. "मी बेडग रस्त्याला शालनताई मगदुमांच्या गोठ्यात आहे. त्यांची गाय फार हैराण होती गं. म्हटलं, कशाला थांबायचं? दिलं सकाळीच."

अफरोजच्या गाडीवरून ते दोघं पोचले, तेव्हा गाय आडवी पडली होती. काळीपांढरी, भरल्या अंगाची. अंगाला हात लावला तर चटका बसावा इतका ताप. कास लालभडक, श्वास धापा टाकल्यासारखा. शालन मगदूम ओल्या पोत्यांनी तिचं अंग पुसत होती. नवरा गेल्यावर चार गायींवर तिने दोन पोरींची शिक्षणं काढली होती. त्यातली ही सगळ्यांत दुभती.

"काय घातलंसा हिच्या कासंत?" तिने शाल्मलीला बघताच विचारलं. "दगडी झालती, पर उभी हुती की माजी गाय! वैरण खात हुती!"

शाल्मली गुडघ्यांवर बसली. अफरोज गुरांच्या डॉक्टरांना फोन लावत होता. आणि गोठ्याच्या दाराशी, उन्हात, श्रीकांतराव हात मागे बांधून उभे होते.

"ताप उतरेल," ते म्हणाले. "सालपटांची प्रतिक्रिया असणार. मी वाचलंय त्याबद्दल."

"वाचलंय?" शाल्मली वळली. "म्हणजे तुम्हाला माहीत होतं?"

"शक्यता आहे हे माहीत होतं. पण होईलच असं नव्हतं ना."

"पप्पा, गाय मरायला टेकलीय!"

"नाही मरणार," ते म्हणाले. मग जरा विचार करून, तितक्याच शांतपणे, "आणि मेली तर बघू काय करायचं ते."

शालनच्या हातातलं पोतं खाली पडलं. "ह्यो मानूस पिऊन आलाय का?" तिने अफरोजला विचारलं. "हसतोय बगा त्यो. माजी गाय मरतीया आन् हसतोय!"

ते हसत नव्हते खरं तर. त्यांचा चेहरा फक्त मोकळा होता, रविवारी सकाळी गॅलरीत होता तसा. शाल्मलीने उठून त्यांच्या कपाळावरची पट्टी खसकन ओढून काढली. कानशिलांवर चकत्यांचे गोल वळ उमटलेले होते. त्यांनी वळांवर बोट फिरवलं आणि समजूतदारपणे म्हणाले, "याने लगेच काही होत नाही, शालू. तुला माहीत आहे."

तिला माहीत होतं. तेच सगळ्यांत भयंकर होतं. समोर तिचे वडील होते, त्यांची बुद्धी होती, त्यांचा प्रेमळ आवाजही होता; पण त्यांच्यापर्यंत ओरडून पोचता येईल अशी जागाच आत कुठे उरली नव्हती.

डॉक्टर आले. सलाइन लावलं, सुया टोचल्या, कास पिळून रिकामी केली. चौघांनी मिळून दिवसभर गायीवर पाणी ओतलं. संध्याकाळी तिने मान उचलली, दुसऱ्या दिवशी ती उभी राहिली. पण एक सड आटला तो आटलाच. "आता हिकडं यिऊ नगासा," एवढंच शालन म्हणाली. दूध संघाच्या अध्यक्षांनी चाचणी थांबवली.

दोन्ही पट्ट्या मनीषाताईने दवाखान्यात नेऊन कुलपात टाकल्या.

घंटा परत वाजायला लागली ती हळूहळू, आणि मग एकदम. आधी श्रीकांतरावांची झोप गेली. मग त्यांनी बाजारात जाणं सोडलं. एका दुपारी शाल्मली घरी आली, तर ते स्वयंपाकघरात ओट्याला टेकून जमिनीवर बसले होते, हातात रिकामा पेला होता.

"मी नोकरी सोडली गं," जणू आत्ताच बातमी कळल्यासारखं ते म्हणाले. "शालू, मी नोकरी सोडली. आणि ती गाय... मी म्हणालो, मेली तर बघू. असं म्हणालो मी. त्या बाईसमोर."

शाल्मली त्यांच्याशेजारी जमिनीवर बसली. तिला त्यांचा राग येत होता, स्वतःचा त्याहून जास्त, आणि त्या रागाचं काय करावं हे कळत नव्हतं. "पट्टी मी आणली होती, पप्पा."

"पण लावत मी राहिलो." त्यांनी पेला खाली ठेवला. "फार बरं वाटत होतं गं. आयुष्यभर कुणीतरी मानगुटीवर बसलेलं असावं आणि ते उतरावं, तसं. मला ते परत चढायला नको होतं."

पुढच्या सकाळी ते कुणाला न सांगता बेडगला गेले. स्कूटर चालवायचा धीर होईना, म्हणून बसने. परतले तेव्हा शर्ट घामाने पाठीला चिकटला होता. शालनच्या गोठ्यावर जाऊन आलो, असं त्यांनी सांगितलं. दारात नुसतेच हात जोडून उभे राहिले होते. शालनने त्यांना वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि ती म्हणाली, "आज मानसात दिसताय." मग आत जाऊन चहा घेऊन आली.

हैदराबादला उत्तर द्यायचा शेवटचा दिवस उजाडला.

काय करायला हवं ते उघड होतं. चाचणी थांबलेली, पप्पांचा पगार बंद, आईच्या एकटीच्या कमाईवर घर. अफरोजनेही सांगून टाकलं होतं, "तू जा. मी बघतो. तुझ्यावर राग नाही माझा." शाल्मलीला त्या समजूतदारपणाचाही वैताग आला होता. सगळ्यांनीच इतकं शहाण्यासारखं वागायचं ठरवलं, तर भांडायचं कुणाशी?

जेवणं झाल्यावर ती पप्पांसमोर जाऊन बसली.

"तुम्हाला परत एकदा विचारायचंय. मागच्या वेळी मी तुम्हाला नव्हतं विचारलं, पट्टीला विचारलं होतं. आता सांगा. कंपनी करू का?"

श्रीकांतरावांनी ओठांवरून जीभ फिरवली. "खरं सांगू?"

"खरंच सांगा."

"नको. नको करूस. विचार केला तरी छातीत धडधडतं. नोकरी घे, शालू."

स्वयंपाकघरात भांडी घासण्याचा आवाज थांबला. शाल्मलीने मान हलवली. हे 'नको' तिला शंभरदा ऐकवलं गेलं होतं आणि प्रत्येक वेळी तिने ते वैऱ्याचं म्हणून ऐकलं होतं. आज ते नीट ऐकलं. त्यातला एकही शब्द खोटा नव्हता. त्या शेडमध्ये आग लागू शकते, माल बिघडू शकतो, गायी मरू शकतात, हे सगळं त्या घाबरट माणसाने तिच्या आधी पाहून ठेवलं होतं.

"पप्पा, मलाही भीती वाटते," ती म्हणाली. "मी अजून हैदराबादला नकार कळवलेला नाही, माहितेय? महिनाभर उद्या, उद्या करतेय. पण आमचं औषध वाईट नाही. घाई वाईट होती. मी कंपनी करणार आहे."

"मग मला विचारलंस कशाला?" त्यांचा आवाज चढला. किती दिवसांनी चढला होता!

"तुमचं उत्तर माहीत असावं म्हणून."

"झालं माहीत? नको म्हणतोय मी!"

"झालं. आणि मी करतेय."

"कर!" ते ओरडले. "कर, ऐकू नकोस! पण मग घाबरायचं काम तरी मला दे. तुम्हा दोघांना ते धड येत नाही. मी नको म्हटल्याशिवाय, नव्हे, मी हो म्हटल्याशिवाय त्या फ्रीजमधून एक बाटली बाहेर जाता कामा नये!"

"तुम्ही कधी हो म्हणणारच नाही!"

"म्हणेन! चाचण्या दाखवा, म्हणेन!"

दारात मनीषाताई साबणाच्या हातांनी उभी होती. "शेजारी ऐकतायत," ती म्हणाली. पण कुणाला थांबवायला आल्यासारखी ती दिसत नव्हती.

शाल्मलीने फोन घेतला आणि हैदराबादचा नंबर लावला. पलीकडे यंत्र होतं, गोड आवाजाचं, शुद्ध मराठी बोलणारं. नकार देत असल्याचं तिने सांगितलं.

"आपल्याला या निर्णयाची खात्री आहे का?" यंत्राने विचारलं.

शाल्मलीने पप्पांकडे पाहिलं. त्यांनी सोफ्याची कड घट्ट धरली होती.

"नाही," ती म्हणाली.

"क्षमा करा, मला समजलं नाही. आपल्याला खात्री आहे का?"

"खात्री नाहीये. नकार पक्का आहे. दोन्ही लिहून घ्या."

पुढचे महिने खडतर गेले. मनीषाताईने जादा पाळ्या घेतल्या. श्रीकांतरावांना एका ठेकेदाराकडे सकाळपुरतं काम मिळालं. दुपारी ते शेडमध्ये येत आणि शाल्मलीचं रक्त आटवत. एक बॅच त्यांनी तीनदा तपासायला लावली. तिन्ही वेळा ती स्वच्छ निघाली. पुढची बॅच त्यांच्या हट्टापायी पुन्हा तपासली, तर तिच्यात गाळ सापडला. त्यांनी नुसत्याच त्या बाटल्या बाजूला काढून ठेवल्या, आणि तेच शाल्मलीला जास्त टोचलं.

संघाचे अध्यक्ष फोन उचलेनात. शेवटी शालन मगदूमच्या दुसऱ्या गायीला दगडी झाली, सगळी औषधं हरली आणि तिनेच निरोप धाडला. अट एकच होती: औषध दिल्यावर सायबांनी, म्हणजे श्रीकांतरावांनी, गोठ्यातून हलायचं नाही.

अफरोजने सडातून औषध सोडलं. मग सगळे बसून राहिले. श्रीकांतराव पालथ्या घातलेल्या बादलीवर, गायीच्या पोटाकडे नजर लावून. दर थोड्या वेळाने ते थर्मामीटर मागत, आकडा मोठ्याने वाचत आणि पुन्हा घाम पुसत. दुपार टळली. ताप चढला नाही. ऊन कलल्यावर गायीने गव्हाणीत तोंड घातलं आणि वैरण ओढली.

अफरोजने सामान गोळा करायला घेतलं. शाल्मलीची पाठ अवघडली होती, सकाळपासून पोटात काही नव्हतं.

"पप्पा, खातेय ती. चला आता."

"अजून थोडं बसू," श्रीकांतराव म्हणाले.

"किती वेळ?"

"मला काय माहीत?"

शाल्मलीने मोठा सुस्कारा सोडला, अफरोजच्या हातातली पिशवी घेऊन खाली ठेवली आणि त्यांच्याजवळच कडब्यावर बसली. आतून शालनने विचारलं, चहा ठेवू का म्हणून.

"ठेवा," शाल्मली म्हणाली. "आम्ही आहोत अजून."